उरख टोळीतले मान आणि कामं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आम्ही मराठीतून फाशांचा जो गोष्टीखेळ खेळतो (प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची), त्यातल्या परग्रहवासी शिकाऱ्यांचं नाव उरख. नवा खेळाडू आला की पहिल्या एक-दोन सेशनमध्येच तेच ते प्रश्न निघतात. बहुतेक सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतात: टोळीत कोण वर, कोण खाली, आणि का. हे जग मी रचलं आहे, म्हणून उत्तरंही मीच लिहितोय. ज्या खऱ्या प्राण्यांवरून आणि माणसांवरून ही रचना सुचली त्यांच्याबद्दलही जागोजागी सांगितलं आहे. ते एकदा डोक्यात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

उरख राहतात कुठे, आणि टोळीनेच शिकार का करतात?

एका लाल खुज्या ताऱ्याजवळच्या ग्रहावर. असा तारा मंद असतो, त्यामुळे त्याची ऊब मिळायला ग्रहाला अगदी जवळून फिरावं लागतं. आपल्या सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, हा याच जातीचा. त्याच्याभोवती २०१६ साली सापडलेला ग्रह जेमतेम अकरा दिवसांत एक प्रदक्षिणा घालतो. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी असते, आणि उरखांच्या ग्रहाचं तसंच झालं आहे. एका अंगाला न मावळणारं ऊन, दुसऱ्या अंगाला न संपणारा काळोख, आणि मधे सगळ्या ग्रहाला वेढून असलेला संधिप्रकाशाचा पट्टा.

या पट्ट्यातून भोंगरांचे कळप चरत चरत पुढे सरकतात. भोंगर हे घराएवढं जनावर. एकट्या उरखाला ते पाडता येत नाही, आणि पाडलंच तरी कुजायच्या आत संपवता येत नाही. टोळी लागते ती या दोन्ही कारणांसाठी. कळपाने ग्रहाभोवती एक वळसा पूर्ण केला की तो एक फेरा, आपल्या हिशेबाने साधारण तीन वर्षं. उरखांना दिवस-रात्र नाही, ऋतू नाहीत. वय, शिक्षा, पाहुणचार, सगळं ते फेऱ्यांतच मोजतात.

मान आणि काम यांत फरक काय?

सगळ्या खेळाचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मान म्हणजे टोळीतली पायरी. ती हळूहळू मिळते आणि सहसा टिकते. काम म्हणजे एका विशिष्ट शिकारीत तुम्ही काय करणार ते. ते दर शिकारीला नव्याने ठरतं आणि शिकार संपली की संपतं. मानाने मोठा असलेला उरख आजच्या शिकारीत कळपामागे धूळ खात हाका घालत असेल, आणि कालपरवा टोळीत आलेला कुणी आज सगळ्यांना पुढे नेत असेल, कारण माग काढायला त्याच्याइतकं नाक कुणालाच नाही. माग निघेपर्यंत थोरलीसुद्धा, म्हणजे टोळीतली सर्वांत वरच्या पायरीवरची मादी, त्याच्यामागून चालते. त्याने हात वर केला की ती जागच्या जागी थांबते. शिकार झाली, मांस मधे आलं, की तो पुन्हा आपल्या पायरीवर.

नवे खेळाडू बहुतेक वेळा या दोन गोष्टी एकत्र करतात. सगळ्यात जोरात झेप घेणारा तो सगळ्यात वरचा, असं धरून चालतात. मग टोळीत दोन-तीन दांडगट तयार होतात, बाकीचे गप्प बसतात आणि कथा एकाच प्रकारच्या भांडणात अडकून पडते. मान आणि काम वेगळं ठेवलं की टेबलावरच्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी पुढे चालण्याची वेळ येते, आणि कधी ना कधी ऐकून घेण्याचीही.

मग टोळीचा म्होरक्या कोण? 'अल्फा' नसतो का?

नसतो. हा शब्द आमच्या टेबलावर आम्ही वापरतच नाही.

'अल्फा लांडगा', म्हणजे बाकीच्यांना हरवून टोळीच्या वर बसलेला लांडगा, ही कल्पना आली कुठून ते बघा. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणीसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ साली निबंध लिहिला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका बंदिस्त जागेत ठेवले होते. निघून जायला वाट नव्हती, त्यामुळे वरच्या जागेसाठी सतत चुरस चाले. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना उचलली आणि ती जगभर पसरली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर रानातले लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पिल्लं. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणून. कुणाला हरवून त्यांनी ती जागा मिळवलेली नसते.

एका शास्त्रज्ञाने स्वतःचंच जुनं म्हणणं इतक्या उघडपणे मागे घेतलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आणि तरीही अल्फाची गोष्ट व्यवस्थापनाच्या भाषणांपासून प्रेमाच्या सल्ल्यांपर्यंत सगळीकडे जिवंत आहे, याचं वाईट वाटतं. उरखांची टोळी रचायला घेतली तेव्हा पहिलं पान याच ठिकाणी लिहिलं.

मानाच्या पायऱ्या किती?

चार, आणि एक पायरीबाहेरची.

कोवळे म्हणजे पिल्लं. त्यांना नाव नसतं, काम नसतं, पण मांसावर पहिला हक्क त्यांचा. वाटेकरी म्हणजे टोळीबरोबर एक पूर्ण फेरा चाललेला उरख. त्याला नाव मिळतं आणि पूर्ण वाटा मिळतो. टोळीतले निम्म्याहून जास्त जण आयुष्यभर वाटेकरीच राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. जाणते म्हणजे ज्यांनी दुसऱ्या कुणाला तरी एखादं काम पूर्ण शिकवून तयार केलं आहे. लक्षात घ्या, स्वतः किती शिकारी केल्या हे इथे बघितलं जात नाही. शिकवलेला उरख पहिल्यांदा एकट्याने ते काम पार पाडतो तेव्हा शिकवणाऱ्याला पायरी मिळते. चौथी पायरी थोरलीची. ती एकच.

पायरीबाहेरचे ते उपरे, म्हणजे दुसऱ्या टोळीतून आलेले. त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

थोरली नेहमी मादीच का?

उरखांत वंश आईकडून मोजतात आणि मादी जन्मली त्या टोळीतच राहते. नर वयात आले की बाहेर पडतात. त्यामुळे टोळीची आठवण माद्यांकडे साठत जाते: कुठल्या दरीत पाणी असतं, कुठल्या टोळीशी मागच्या फेऱ्यात काय ठरलं होतं.

आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसांत असंच आहे. तिथे माद्या नरांच्या वर असतात आणि बाहेरून आलेले नर सर्वांत खाली. केनियाच्या मसाई मारामध्ये के होलेकँप यांचं पथक १९८८ पासून या तरसांच्या पिढ्यामागून पिढ्या पाहत आलं आहे. पण तरसांतली एक गोष्ट मी मुद्दाम घेतली नाही. त्यांच्यात पिल्लाला आईच्या लगेच खालची जागा जन्मानेच मिळते, म्हणजे वरच्या मादीचं अजाण पिल्लूसुद्धा खालच्या कुळातल्या अनुभवी मादीच्या वर असतं. जन्मावरून पायरी म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तीच गोष्ट खेळात पुन्हा आणून ती निसर्गाची रीत म्हणून दाखवणं मला नको होतं. म्हणून थोरलीची मुलगी थोरली होतेच असं नाही. आधीची थोरली गेली की कोवळे आपण होऊन कुणाजवळ जाऊन बसतात हे बघतात, आणि जाणते त्यावर होकार देतात.

शिकारीतली कामं कोणती, आणि ती ठरतात कशी?

मागकरी माग काढतो. हाकारे कळपातलं एक जनावर वेगळं पाडून हाकत आणतात. दबेकरी वाटेवर दबा धरून बसतात. झेपकरी शेवटचा घाव घालतो. राखणदार शिकारीला येतच नाहीत, ते कोवळ्यांपाशी आणि म्हाताऱ्यांपाशी थांबतात.

यातलं कुठलंही काम हलकं नाही, हे नियम म्हणून लिहिलं आहे, पण खेळाडूंना ते पटायला वेळ लागतो. पटवून द्यायला मी त्यांना नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहिणींबद्दल सांगतो. फिलिप स्टँडर यांनी १९९२ साली मांडलं की तिथल्या काही सिंहिणी नेहमी बगलेवरून वळसा घालतात आणि काही मधे थांबून सावजाची वाट पाहतात. प्रत्येकीची ठरलेली जागा असते, आणि जितक्या जणी आपापल्या आवडत्या जागी असतील तितकी शिकार साधण्याची शक्यता वाढते. बगलेवरची सिंहीण घाव घालत नसेल, पण ती नसेल तर सावज मधे येणारच नाही.

उरखांत काम मागायचं नसतं, सुचवायचं असतं, आणि तेही दुसऱ्यासाठी. "आज दबा तिने धरावा, वारा तिच्या बाजूचा आहे." स्वतःचं नाव स्वतः घेणं असभ्य समजतात. हा नियम आला त्या दिवसापासून आमच्या टेबलावर लोक एकमेकांच्या पात्रांकडे लक्ष देऊ लागले. समोरच्याच्या कागदावर काय लिहिलं आहे ते माहीत नसेल तर त्याचं नाव सुचवणार कसं?

मांसाची वाटणी कशी होते?

उरखांचं सगळं समाजशास्त्र या एका प्रसंगात दिसतं, म्हणून आम्ही वाटणी कधीच गाळत नाही. शिकार फाशांवर दहा मिनिटांत उरकू, पण वाटणीला अर्धा तास गेला तरी चालेल.

आधी क्रम. पहिले कोवळे. मग शिकारीला न आलेले: राखणदार, आजारी, म्हातारे. मग वाटेकरी, मग जाणते. झेपकरी वेगळा नाही, त्याच्या पायरीप्रमाणे येईल तेव्हा येईल. शेवटी थोरली. वाटणी करते थोरली आणि खाते सर्वांच्या शेवटी. तिच्यापर्यंत येईतो काही उरलं नाही तर ती उपाशी राहते, आणि ते तिचंच काम नीट न झाल्याचं लक्षण मानतात.

हे स्वप्नाळू वाटतं, असं काही जण म्हणतात. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांकडे बघा: सावज पडलं की मोठे बाजूला होतात आणि पिल्लं आधी खातात. जे शिकारीला आले नव्हते त्यांच्यासाठी पोटात घेतलेलं मांस परत जाऊन ओकून देतात. आपल्या ताडोबातले कोळसुंदेही पिल्लांना आधी खाऊ देतात.

आणि सावजाचा मालक कोण? झेपकरी नव्हे. ज्याच्या हत्याराने घाव बसला त्या हत्याराचा धनी तो नावापुरता मालक, आणि उरख एकमेकांची हत्यारं सारखी मागून नेतात. हे मी कालाहारीतल्या सान लोकांकडून घेतलं आहे. त्यांच्यात ज्याचा बाण आधी लागला त्याच्या मालकीची शिकार समजतात, आणि शिकारी दुसऱ्यांचे बाण वापरत असल्यामुळे मांस वाटण्याचा मान कधी म्हाताऱ्याकडे जातो, कधी बाईकडे, कधी त्या दिवशी घरीच बसलेल्याकडे. पटाईत शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्याने आणलेल्या जनावराला सगळे नावं ठेवतात: हाडंच आहेत, यासाठी एवढं लांब बोलावलंस? उरखांतही झेपकऱ्याचं तोंडावर कौतुक करत नाहीत. खेळाडूंना हे जमायला लागलं की फार गोड संवाद होतात.

वाटणीचा हिशेब मात्र इथलाच, कोळीवाड्यातला. वेसाव्याला होडी किनाऱ्याला लागल्यावर काय चालतं ते पाहिलंत तर उरखांची अर्धी रचना समजेल. नाखवा होडीचा मालक, तांडेल समुद्रातला जाणकार, बाकी खलाशी. पाण्यात तांडेलाचा शब्द चालतो, नाखवा स्वतः होडीवर असला तरीही. जाळं कुठे टाकायचं ते तांडेल पाण्याचा रंग आणि भरती-ओहोटी पाहून सांगतो. किनाऱ्यावर आल्यावर होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, माणसांचा वेगळा. आणि माल एकदा वाळूवर उतरला की बोंबील, करंदी, जवळा निवडणं, भाव ठरवणं आणि पैसा हातात घेणं हे कोळणींचं. पुरुषांनी आणलेल्या मासळीचं पुढे काय व्हायचं ते त्या ठरवतात. थोरली रंगवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मी सांगतो, एकदा सकाळी बंदरावर जाऊन मासळी घेणाऱ्या कोळणीचा हात बघून ये. टोपली उचलून तिचा अंदाज घेताना, बर्फ झटकताना तो हात जराही अडखळत नाही. थोरलीचा हात तसा चालला पाहिजे.

आमच्या टेबलावर वाटणी चिंचोक्यांनी होते. स्टीलच्या ताटलीत चिंचोके ठेवायचे आणि थोरलीने ते खरोखर हाताने प्रत्येकासमोर मांडायचे. एकदा शिकार लहान होती आणि टोळीत आजारी फार. थोरलीचं पात्र करणारी आमची मैत्रीण शांतपणे मांडत गेली. शेवटचे दोन चिंचोके तिने राखणदारापुढे ठेवले, ताटली उपडी केली आणि "वाटणी झाली" म्हणाली. नियम असा की हे शब्द उच्चारल्याशिवाय कुणी आपल्यातलं तिला देऊ शकत नाही, आणि उच्चारल्यावर कुणावर सक्ती नाही. सगळ्यांत आधी चिंचोका सरकवला तो झेपकऱ्याने, जो तासाभरापूर्वी आपल्याला मोठा वाटा का नाही म्हणून वाद घालत होता.

शिकारीला कधी निघायचं, ते कोण ठरवतं?

कुणीही सुचवू शकतं. सुचवणारा उठून उभा राहतो आणि ज्यांना पटतं ते हुंकार देतात. थोरलीने सुचवलं असेल तर तीन हुंकार पुरतात, वाटेकऱ्याने सुचवलं असेल तर दहा लागतात. लहान टोळीत हे प्रमाण सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, कमी करावं.

ही कल्पना जशीच्या तशी बोत्स्वानातल्या रानकुत्र्यांची. शिकारीला निघण्याआधी ते एकत्र जमतात आणि शिंकतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की शिंका जितक्या जास्त तितकी टोळी निघण्याची शक्यता जास्त. वरच्या जोडीने पुढाकार घेतला असेल तर सुमारे तीन शिंका पुरत होत्या, खालच्यांनी घेतला तर सुमारे दहा. म्हणजे मोठ्यांच्या शब्दाला वजन आहे, पण लहानांचा शब्दही वाया जात नाही. मान म्हणजे नेमकं काय असावं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला माणसांत मिळालं नव्हतं.

द्वंद्व होतात का?

होतात, पण त्यांतून मान मिळत नाही. दोघांनाही एकाच शिकारीत झेपकरी म्हणून सुचवलं गेलं आणि हुंकार सारखे पडले, तर ते झुंजतात. पाठ टेकली की संपलं. रक्त काढलं तर दोघांचीही त्या शिकारीतली जागा जाते.

चूक केली तर मान जातो का? शिक्षा काय?

शिकार हुकली, घाबरून पळाला, यासाठी शिक्षा नाही. एकच गुन्हा मोठा समजतात: वाटा लपवणं. त्यासाठी पायरी जाते आणि एक फेराभर कुणी त्याचं नाव घेत नाही. पण त्याचा मांसाचा वाटा चालूच राहतो. रोजच्या जागी बसतो, रोजच्यासारखं खातो.

बहिष्कार का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं, कथेत जोर येईल म्हणून. याचं कारण सरळ आहे. महाराष्ट्रात जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकलं आहे, पाणी-दूध तोडलं आहे, लग्नकार्यांत मज्जाव केला आहे. त्याविरुद्ध २०१६ साली आपल्या विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागला. टेबलावर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात ते घडलेलं असू शकतं. अन्न तोडणं ही शिक्षा उरखांना सुचतच नाही, असं मी ठरवलं आणि त्याने कथेचं काही बिघडलं नाही.

म्हाताऱ्या उरखांचं काय होतं?

त्यांना विसावलेले म्हणतात. ते जाणते असोत की वाटेकरी, मान तोच राहतो. काम मात्र एक खास मिळतं: फेरा वाईट गेला, कळप वाटेवर भेटलाच नाही, की विसावलेल्या माद्या पुढे होतात आणि टोळी त्यांच्यामागे जाते.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओर्का देवमाशांत हे पाहायला मिळतं. ज्यांची पिल्लं होण्याची वयं उलटून गेली आहेत अशा माद्या कळपाच्या पुढे राहतात, आणि सामन मासा कमी असलेल्या वर्षी तर अधिकच, असं २०१५ साली संशोधकांनी दाखवून दिलं. दुष्काळ ज्याने आधी पाहिलेला असतो त्यालाच त्यातून बाहेर पडायची वाट माहीत असते. मला स्वतःला या खेळात विसावलेलं पात्र सर्वांत जास्त आवडतं. फासे फार टाकावे लागत नाहीत, पण बोललं की टेबल शांत होतं.

उपरा म्हणून आलेल्याला काय मिळतं?

पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा. हुंकार देण्याचा हक्क मात्र एका फेऱ्यानंतर. आधीच्या टोळीत तो जाणता होता की आणखी कुणी, याला इथे किंमत नाही; पण त्याचं कसब लगेच कामी येतं. मागकरी म्हणून आला तर पहिल्याच शिकारीत माग काढेल. मुंबईत बाहेरगावहून येऊन पहिली दोन-चार वर्षं काढलेल्या खेळाडूंना हे पात्र कसं रंगवायचं ते सांगावं लागत नाही.

कवट्या, विजयचिन्हं वगैरे?

असतात, टोळीच्या मालकीची. अंगावर कुणी मिरवत नाही.

सतत शिकारच चालते का?

नाही. भोंगरांची विण्याची वेळ आली की टोळ्या हत्यारं बांधून ठेवतात आणि साठवणीतलं खातात. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याच धर्तीवर. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, तसा उरखांचाही हत्यारं पुन्हा सोडण्याचा विधी आहे. तो प्रत्येक टोळीने आपापला रचावा.

उरखांची टोळी मुंबईत उतरली तर?

हा आमचा सर्वांत आवडता अध्याय. आम्ही टोळी उतरवतो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, आत तुळशी आणि विहार ही दोन तळी, कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी, आणि चहूबाजूंनी माणसांची वस्ती. उरखांना ऊन सोसत नाही, त्यामुळे त्यांच्या हालचाली तिन्हीसांजेच्या आणि पहाटेच्या.

तिथे त्यांची पहिली गाठ पडते बिबट्याशी, आणि तो त्यांना कोड्यात टाकतो. एकट्याने राहणारा, कुणाशी वाटणी नसलेला, तरी माणसांच्या एवढ्या गर्दीत तग धरून असलेला शिकारी! उद्यानाच्या कडेला तो बऱ्याच प्रमाणात भटक्या कुत्र्यांवर जगतो. उरखांच्या कोष्टकात त्याला बसवायला पायरीच नाही.

दुसरी गाठ आरेतल्या पाड्यांवरच्या वारल्यांशी. तिथे वाघोबाची ठाणी आहेत. बिबट्या आणि वाघ दोघेही वाघोबाच, आणि दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला त्याची पूजा होते. शेजारी राहणाऱ्या शिकाऱ्याला मारायचंही नाही आणि पाळायचंही नाही, त्याला त्याचा मान देऊन आपलं आपण राहायचं, हे उरखांना लगेच कळतं. आमच्या कथेत थोरली पाड्यातल्या म्हाताऱ्या आजीसमोर बसते आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना वाटणीचा प्रसंग होतो. हा प्रसंग सूत्रधाराने घाईत उरकू नये. आणि पाड्यातली माणसं देखाव्यापुरती आणू नयेत. त्यांना नावं द्या, कामधंदा द्या, उरखांना नाही म्हणायचा हक्क द्या.

उरख म्हणजे आपल्याकडचे पारधी का?

नाही, आणि तसं कुणी रंगवत असेल तर मी खेळ थांबवतो.

इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. पारध्यांसारख्या शिकारीवर जगणाऱ्या लोकांनाही तो लागला. १९५२ साली कायदा रद्द झाला, त्या जमाती विमुक्त ठरल्या, पण चोरी झाली की पोलिसांनी आधी पालावर जायचं ही सवय त्यानंतरही टिकली. शिकारी समाज म्हणजे क्रूर, लुटारू, बेभरवशाचा, हे चित्र आपल्या मनात आलं कुठून याचा विचार करा. परग्रहावर गोष्ट नेली म्हणून ते चित्र निरुपद्रवी होत नाही. उरखांना चलाख, संशयी, सुरे लपवणारे करायचा मोह झाला तर हा प्रश्न परत वाचा.

या खेळातून शिकारीचं समर्थन होतं का?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. खेळात खरे प्राणी मारले जाणारे प्रसंग आम्ही ठेवत नाही. मुंबईच्या अध्यायातही टोळी शिकार करत नाही, बरोबर आणलेल्या साठवणीवर राहते.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने कुठलं पात्र घ्यावं?

राखणदार. लोक नाक मुरडतात, पण कोवळे, म्हातारे, आजारी, सगळ्यांशी बोलणं राखणदाराचं होतं, त्यामुळे टोळी लवकर ओळखीची होते. दुसऱ्या सेशनला कुणीतरी तुमचं नाव एखाद्या कामासाठी सुचवेलच. थोरली किमान एक फेरा खेळल्याशिवाय घेऊ नका. आणि चार जणांपेक्षा कमी असाल तर टोळी न करता दोन उपऱ्यांच्या प्रवासाची गोष्ट खेळा. वाटणीला माणसं हवीत.